उसना श्वास

डेन्मार्क हा उत्तर युरोपातील एक लहानसा देश. कोपनहेगन ही त्याची राजधानी. स्वच्छ रस्ते, भरपूर शाळा, सुसज्ज रुग्णालये, अशी या नगराची ख्याती होती. परंतु १९५२ सालच्या उन्हाळ्यात पोलिओच्या साथीने या नगरावर घाला घातला, आणि त्याच्या साऱ्या सुव्यवस्थेची जणू परीक्षाच झाली. नगरात ब्लेगडॅम नावाचे संसर्गजन्य रोगांचे एक रुग्णालय होते. जुलैच्या अखेरीपासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत तेथे पोलिओचे २,७०० हून अधिक रुग्ण दाखल झाले. साथ ऐन भरात असताना एकेका दिवशी पन्नासच्या आसपास रुग्ण येत. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता.

पोलिओ हा विषाणूंपासून होणारा रोग आहे. दूषित अन्नपाण्यावाटे किंवा अस्वच्छ हातांवाटे हे विषाणू तोंडातून पोटात जातात. पुष्कळांना त्यांचा काहीच उपद्रव होत नाही. थोडा ताप येतो व जातो. परंतु काही थोड्यांच्या बाबतीत ते विषाणू मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात आणि स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या पेशींचा नाश करतात. मग काल धावणारे मूल आज उठून उभे राहू शकत नाही. पाय लुळा पडणे हे दुःखच खरे, तथापि त्याने प्राण जात नाही. गळ्याच्या आणि छातीच्या स्नायूंवर हा आघात झाला, तर मात्र प्रसंग वेगळाच असतो.

तो का वेगळा, हे समजण्यासाठी श्वास कसा चालतो ते आधी पाहिले पाहिजे. लोहाराच्या शाळेत भाता सर्वांनी पाहिलेला असतो. लोहार भात्याचा दांडा ओढतो तेव्हा भाता फुगतो, त्याच्या पोटातील जागा वाढते आणि बाहेरची हवा आत शिरते. भात्याला स्वतःचे बळ नसते. बळ असते ते लोहाराच्या हाताचे. माणसाच्या फुप्फुसांचेही तसेच आहे. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत. ती स्पंजासारखी मऊ असून त्यांत कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा एक पातळ स्नायू आडवा पसरलेला असतो. तो खाली ओढला गेला, बरगड्या वर उचलल्या गेल्या, की छातीचा पिंजरा मोठा होतो आणि हवा आत येते. ते स्नायू सैल पडले, की हवा बाहेर जाते. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे चौदा-पंधरा वेळा श्वास घेतो, आणि दर वेळी साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. दिवसाचा हिशेब केला तर श्वासांची संख्या वीस हजारांच्या घरात जाते. एवढे काम चाललेले असताना माणसाला त्याची जाणीवही नसते!

या हवेकडून शरीराला दोन गोष्टी साधावयाच्या असतात. पहिली सर्वांना ठाऊक आहे : प्राणवायू रक्तात घेणे. दुसरी सहसा विसरली जाते. शरीरात निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर टाकणे हीदेखील तितकीच निकडीची गोष्ट आहे. चुलीला वारा हवा, तसा धुराला निघून जाण्यास मार्गही हवा. हा दुसरा भाग विसरला गेल्यामुळेच कोपनहेगनच्या डॉक्टरांना ते पहिले काही आठवडे अंधारात चाचपडावे लागले.

पोलिओमुळे श्वास बंद पडू लागलेल्या रुग्णांसाठी त्या काळी एकच यंत्र प्रसिद्ध होते. त्याला लोखंडी फुप्फुस म्हणत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी ते तयार केले, आणि १९२८ साली बोस्टन येथे एका आठ वर्षांच्या मुलीसाठी ते प्रथम वापरण्यात आले. हे यंत्र म्हणजे धातूचे एक मोठे पिंप. रुग्णाला त्यात आडवे निजवावयाचे, डोके तेवढे बाहेर ठेवावयाचे आणि गळ्याभोवती रबराची पट्टी घट्ट बसवावयाची. मग विजेवर चालणारा पंप पिंपातील थोडी हवा खेचून घेई. पिंपातला दाब कमी झाला, की रुग्णाची छाती आपोआप वर उचलली जाई आणि नाकातोंडावाटे हवा आत शिरे. दाब पूर्ववत झाला, की श्वास सुटे. कल्पना नामी होती. या पिंपांनी अनेकांचे प्राण वाचविले. परंतु ती महाग होती, आणि ब्लेगडॅम रुग्णालयापाशी असे पिंप होते केवळ एक! त्याखेरीज छातीवर कवचासारखी बसविण्याची लहान यंत्रे सहा होती, पण त्यांचे बळ बेताचेच होते.

यंत्रांची उणीव हे एकच संकट नव्हते. ज्या रुग्णांचा गळा लुळा पडलेला असे, त्यांना लाळही गिळता येत नसे. ती लाळ घशात साचून श्वासनलिकेत उतरे आणि रुग्ण जणू आपल्याच लाळेत बुडू लागे. पिंपाने छाती कितीही हलविली, तरी वाटच तुंबलेली असेल तर हवा जाणार कोठून? पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या ३१ रुग्णांवर यंत्रांनी उपचार झाले. त्यांपैकी २७ दगावले. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर हेन्री लासेन हे अनुभवी व विद्वान गृहस्थ होते, परंतु आता त्यांच्यापाशी उपाय उरला नव्हता.

लासेन यांचे एक तरुण सहकारी होते, मोगेन्स ब्यॉर्नेबो. एका भूलतज्ज्ञाला बोलावून त्याचा सल्ला घ्यावा, असे त्यांनी सुचविले. आज ही सूचना साधी वाटते. त्या वेळी ती साधी नव्हती. भूल देणाऱ्याने शस्त्रक्रियेच्या खोलीत काम करावे, तापाच्या रुग्णांशी त्याचा काय संबंध, असाच तेव्हाचा समज होता. लासेन यांनी प्रथम का-कू केले, पण अखेर संमती दिली. मोठ्या पदावरील माणसाने आपल्याहून लहान माणसाचे ऐकावे, ही गोष्टही काही लहान नव्हे.

बोलावलेल्या भूलतज्ज्ञाचे नाव ब्यॉर्न इब्सेन. वय छत्तीस वर्षे. त्यांनी बोस्टन येथे राहून भूलशास्त्राचा विशेष अभ्यास केला होता. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचे स्नायू सैल करणारी औषधे देतात, तेव्हा त्याचा श्वासही थांबतो. मग भूलतज्ज्ञ त्याच्या श्वासनलिकेत नळी घालतो आणि त्या नळीला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत सोडतो. म्हणजे ज्या संकटाने लासेन यांची झोप उडाली होती, ते इब्सेन यांच्या रोजच्या कामातले होते.

२५ ऑगस्ट १९५२ रोजी इब्सेन यांनी रुग्णांची कागदपत्रे वाचली आणि मृतांच्या तपासणीचे निष्कर्ष पाहिले. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. मरण पावलेल्या रुग्णांची फुप्फुसे काही फार बिघडलेली नव्हती. त्यांत हवा खेळवता आली असती. दुसरी गोष्ट अशी की, मरणापूर्वी या रुग्णांना दरदरून घाम फुटे, रक्तदाब वाढे आणि मग शुद्ध हरपे. प्राणवायू दिल्यामुळे त्यांचा रंग मात्र बरा दिसे, म्हणून श्वास ठीक चालला आहे असे डॉक्टरांना वाटे. रोगाने मेंदूच ग्रासला असावा असा त्यांचा तर्क होता. इब्सेन म्हणाले की, ही चिन्हे मेंदूच्या रोगाची नव्हेत, ती शरीरात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची आहेत. प्राणवायू मिळत होता, पण धूर कोंडला होता!

हे बोलणे पटण्यासारखे होते, तरी ते सिद्ध करून दाखविणे आवश्यक होते. २७ ऑगस्ट रोजी त्यासाठी एक रुग्ण निवडण्यात आला. ती बारा वर्षांची एक मुलगी होती. तिचे हातपाय लुळे पडले होते, अंगात ताप होता, घशात लाळ घुरघुरत होती, आणि ती काही तासांचीच सोबतीण आहे असे सर्वांना दिसत होते. शल्यवैद्याने तिच्या गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला लहानसे छिद्र पाडले आणि त्यातून एक रबरी नळी आत बसविली. नळीभोवती लहान फुगा होता. तो फुगविला, की लाळ खाली उतरत नसे आणि आत सोडलेली हवा वर निसटत नसे.

नळी बसली, पण पुढचे सारे बिघडू लागले. घाबरलेली मुलगी तडफडू लागली, तिच्या श्वासनलिका आखडल्या आणि इब्सेन पिशवी दाबीत असूनही हवा आत जाईना. तिचा वर्ण निळा पडला. जमलेले डॉक्टर एकेक करून बाजूला होऊ लागले, कारण आता काय होणार हे त्यांना कळून चुकले होते. इब्सेन यांनी तिच्या शिरेत झोपेचे औषध टोचले. तिची धडपड थांबली, अंग सैल पडले, आणि पिशवीतील हवा सहज आत शिरू लागली. नळीतून साचलेला कफ ओढून काढण्यात आला. हळूहळू तिचा वर्ण पालटला, घाम थांबला, रक्तदाब खाली आला. मग इब्सेन यांनी मुद्दाम तिला काही वेळ छातीवरच्या कवचयंत्रावर ठेवून दाखविले. पूर्वीची सारी लक्षणे परतली. पुन्हा पिशवी हाती घेतली, पुन्हा ती सुधारली. आता कोणाच्याही मनात शंका उरली नाही.

नळीवाटे हवा भरण्याची ही कल्पना तशी नवी नव्हती. व्हेसॅलियस या शरीरशास्त्रज्ञाने १५४३ साली आपल्या ग्रंथात लिहून ठेवले होते की, प्राण्याच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकले तर फुप्फुसे पुन्हा फुगतात. पुढे १६६७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत रॉबर्ट हूक याने भात्याने हवा देऊन एक कुत्रा जिवंत ठेवून दाखविला. फुप्फुसांची हालचाल मुख्य नसून आत जाणारी ताजी हवा मुख्य आहे, हे त्याने सिद्ध केले. तीनशे-चारशे वर्षे हे ज्ञान पुस्तकांत होते. ते रुग्णाच्या उशाशी येण्यास मात्र इतका काळ लागावा, हे नवलच म्हटले पाहिजे.

एका मुलीचा प्रश्न सुटला, परंतु अशा रुग्णांनी दालने भरलेली होती. पिशवी हाताने दाबावयाची, तर हात आणावयाचे कोठून? माणसाला क्षणभरही श्वास थांबवून चालत नाही. पिशवी रात्री दाबली पाहिजे, पहाटे दाबली पाहिजे, सणाच्या दिवशीही दाबली पाहिजे. लासेन यांनी नगरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांना हाक दिली. विद्यार्थी आले, पाठोपाठ दंतवैद्यकाचे विद्यार्थीही आले. सर्व मिळून सुमारे १,५०० जणांनी पाळीपाळीने हे काम केले. एके काळी तर एकाच वेळी सत्तर रुग्ण अशा हातांच्या श्वासावर जगत होते.

काम दिसावयास सोपे होते. उशाशी स्टुलावर बसावयाचे, पिशवी दाबावयाची आणि सोडावयाची. मिनिटाला वीस वेळा धरली, तर तासाला बाराशे वेळा. सहा-आठ तासांच्या पाळीत बोटे ताठून जात. परंतु खरी अडचण बोटांची नव्हती, लक्षाची होती. फार जोराने दाबले तर नाजूक वायुकोशांना इजा होई, हळू दाबले तर कार्बन डायऑक्साइड साठे. श्वास पुरेसा मिळतो आहे की नाही, हे रुग्णाला सांगता येत नसे. गळ्यातील नळीमुळे हवा स्वरयंत्रापर्यंत पोहोचत नाही, म्हणून आवाज फुटत नाही. मग डोळ्यांची उघडझाप, भुवया, ओठांची हालचाल, मानेचा किंचित झोक यांवरून विद्यार्थी ओळखू लागले, की आता थोडा मोठा श्वास हवा, आता घशात कफ आला आहे, आता हवा पुरे. मुले जागी असत तेव्हा एका हाताने पिशवी दाबीत, दुसऱ्या हातात पुस्तक धरून, विद्यार्थी त्यांना गोष्टी वाचून दाखवीत. कधी रुग्ण रात्रीतून दगावे. ज्याचा श्वास आपल्या मुठीत होता, तो आपल्या देखत गेला, हे अठरा-वीस वर्षांच्या त्या मुलांनी कसे सोसले असेल, याची कल्पनाच करावी.

श्वास देणे म्हणजे केवळ हवा भरणे नव्हे, हेही त्या महिन्यांत सर्वांना कळून आले. नाकातून जाणारी हवा वाटेत ऊबदार व ओलसर होते. गळ्यातील नळीतून जाणारी हवा नाकाला वगळून जाते, म्हणून ती मुद्दाम दमट करावी लागते. नाही तर आतला कफ वाळून नळीत बसतो. धडधाकट माणूस खोकून कफ बाहेर काढतो. लुळ्या स्नायूंच्या रुग्णाला खोकताही येत नाही. त्यामुळे बारीक नळीने कफ ओढून घेणे, रुग्णाला ठरावीक वेळाने या कुशीवरून त्या कुशीवर वळविणे, ओंजळीसारख्या हाताने पाठीवर थोपटून कफ सुटा करणे, ही कामे परिचारिकांना आणि व्यायामोपचार करणाऱ्यांना रात्रंदिवस करावी लागत. रुग्णांच्या रक्ताची वारंवार तपासणी होई. त्यावरून कोणाचा श्वास अपुरा पडतो आहे, हे डोळ्यांना दिसण्याआधी कळे.

या साऱ्याचे फळ मिळाले. साथीच्या आरंभी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरांत ऐंशीहून अधिक मरण पावत. साथ ओसरू लागली तेव्हा ते प्रमाण निम्म्यावर आले होते. नवे औषध सापडले नव्हते. पोलिओच्या विषाणूवर तेव्हाही औषध नव्हते आणि आजही नाही. रुग्णाचे शरीर त्या आघातातून सावरेपर्यंत त्याला श्वास उसना दिला, इतकेच झाले. पुष्कळांचे स्नायू काही आठवड्यांनी पुन्हा काम करू लागले, आणि उसना श्वास घेण्याची त्यांना गरज उरली नाही.

हाताचे काम यंत्राकडे जावे, हे ओघानेच आले. स्वीडनमध्ये कार्ल गुन्नार एंगस्ट्रॉम या डॉक्टराने त्याच सुमारास, ठरविलेल्या मापाची हवा नळीवाटे आत ढकलणारे यंत्र तयार केले होते. अशा यंत्रांना आज व्हेंटिलेटर म्हणतात. १९५३ सालच्या डिसेंबरात इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या एका रुग्णालयात, अत्यवस्थ रुग्णांना एकत्र ठेवून त्यांच्याकडे अहोरात्र लक्ष पुरविणारे स्वतंत्र दालन सुरू केले. आजच्या अतिदक्षता विभागाचा आरंभ बहुधा तेथूनच मोजतात.

आताचा व्हेंटिलेटर दिसावयास लहानशा कपाटाएवढा असतो. मिनिटाला श्वास किती, दर श्वासाला हवा किती, तीत प्राणवायूचे प्रमाण किती आणि दाब कोठवर चढू द्यावयाचा, हे डॉक्टर त्यावर ठरवून देतात. साध्या हवेत प्राणवायू शंभर भागांत सुमारे एकवीस भाग असतो. यंत्रातून तो हवा तितका वाढविता येतो. रुग्ण स्वतः थोडा श्वास घेऊ लागला, तर यंत्र ते ओळखते आणि उरलेलीच मदत करते. नळी निसटली किंवा कफाने तुंबली, तर घंटी वाजते. सर्वांनाच गळ्यात नळी लागते असेही नाही. काहींना नाकातोंडावर घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून हवा दिली तरी भागते. बोटाला लावलेला एक लहानसा चिमटा रक्तातील प्राणवायू किती हे सतत दाखवीत असतो. २०२० साली कोरोनाच्या साथीत हा चिमटा घरोघरी पोहोचला, आणि व्हेंटिलेटर हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी बसला. त्याच काळात, फुप्फुसे सुजलेल्या रुग्णांना काही तास पालथे निजविले तर प्राणवायू अधिक चांगला मिळतो, हा डॉक्टरांना आधीपासून ठाऊक असलेला उपायही सर्वत्र वापरण्यात आला.

यंत्र लावणे हे एक काम, ते काढणे हे दुसरे, आणि ते कधी कधी अधिक कठीण असते. बरेच दिवस यंत्रावर राहिलेल्या माणसाचे श्वासाचे स्नायू, वापर नसल्यामुळे, अशक्त होतात. नळीवाटे जंतू आत शिरून फुप्फुसांना नवा रोग जडण्याचाही धोका असतो. म्हणून यंत्राची मदत रोज थोडी कमी करून पाहतात. आजारातून उठलेल्या माणसाला भिंत धरून चालावयास लावावे, तसाच हा प्रकार. थकवा दिसला, की पुन्हा आधार देतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करतात.

कोपनहेगनची ती बारा वर्षांची मुलगी वाचली. तिचे हातपाय मात्र पुन्हा हलले नाहीत, आणि यंत्राचा श्वास तिला पुढेही घ्यावा लागला. १९७१ पर्यंत ती जगली. तोपर्यंत पोलिओला अटकाव करणारी लस निघून बरीच वर्षे लोटली होती. ती लस १९५५ साली, म्हणजे त्या साथीनंतर अवघ्या तीन वर्षांनी, लोकांना मिळू लागली होती. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला, आणि २०१४ साली भारत या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

रबरी पिशवी मात्र गेली नाही. डेन्मार्कमध्येच हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे यांनी, दाबून सोडली की आपोआप पुन्हा फुगणारी पिशवी तयार केली, आणि १९५६ साली ती बाजारात आली. तिला अंबू पिशवी म्हणतात. तिला ना वीज लागते, ना प्राणवायूची टाकी. रुग्णवाहिकेत ती असते, प्रसूतिगृहात जन्मतः न रडलेल्या बाळासाठी तिची चिमुकली आवृत्ती ठेवलेली असते. अतिदक्षता विभागातही, लाखो रुपयांच्या व्हेंटिलेटरशेजारी, हाताला लागेल अशा खुंटीवर ती टांगलेली असते. यंत्र बिघडले किंवा वीज गेली, की परिचारिका प्रथम ती पिशवी काढून नळीला जोडते आणि श्वास मोजीत दाबू लागते.